न खेळलेल्या दोन हंगामांच्या नोंदी

२१ जानेवारी २०२५
विषय मंजूर झाला. क्रीडा व्यवस्थापनाच्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प: नियमभंगाची शिक्षा झाल्यावर विद्यापीठाचा क्रीडा विभाग पुढे काय करतो. उदाहरण एकच घेतलंय, ते म्हणजे डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीचं. इथे सगळे एसएमयू म्हणतात, मीही तेच लिहीन. १९८७ साली त्यांच्या अमेरिकन फुटबॉल संघाला ‘डेथ पेनल्टी’ मिळाली, म्हणजे हंगामच रद्द. पहिल्या वर्गाच्या फुटबॉलमध्ये ही शिक्षा त्याआधी कुणाला झाली नव्हती आणि नंतरही झालेली नाही.

महिन्याभरापूर्वी, २१ डिसेंबरला, हाच संघ राष्ट्रीय प्लेऑफमध्ये पेन स्टेटकडून ३८-१० असा हरला. मी घरी पोहे खात तो सामना पाहत होते. पेन स्टेटला २०१२ मध्ये ६ कोटी डॉलर दंड आणि हंगामाअखेरच्या सामन्यांवर चार वर्षांची बंदी झाली होती. ती बंदी पुढे २०१४ मध्येच उठवली गेली. मैदानावर त्या दिवशी दोन शिक्षा भोगलेले संघ होते आणि समालोचनात सगळं लक्ष चेंडूवर. तेव्हाच ठरवलं, यावरच काम करायचं.

२८ जानेवारी
पार्श्वभूमी थोडक्यात लिहून काढली. १९८१ ते १९८४ या चार हंगामांत एसएमयूने ४१ सामने जिंकले, ५ हरले, १ बरोबरीत. चेंडू घेऊन धावणारी एरिक डिकरसन आणि क्रेग जेम्स ही जोडी. १९८२ मध्ये एकही पराभव नाही, तरी क्रमवारीत दुसरे. विद्यापीठ लहान, शहर श्रीमंत. तेल आणि जमिनीच्या धंद्यातली माजी विद्यार्थ्यांची मंडळी हौसेने पैसे ओतत होती. त्यांना इथे ‘बूस्टर’ म्हणतात. नियम साधा: शिष्यवृत्तीपलीकडे खेळाडूला रोख काही द्यायचं नाही. तो वर्षानुवर्षं मोडला जात होता, आणि फक्त एसएमयूतच मोडला जात होता असं नाही.

हा भाग अहवालात दोन पानांपेक्षा जास्त होऊ द्यायचा नाही. भानगडीवर सगळ्यांनी लिहिलंय.

४ फेब्रुवारी
आज दिवसभर एकच चित्रफीत. १२ नोव्हेंबर १९८६, डॅलसची डब्ल्यूएफएए वाहिनी, निवेदक डेल हॅन्सन. डेव्हिड स्टॅन्ली नावाच्या माजी खेळाडूने कॅमेऱ्यासमोर सांगितलं की १९८३ मध्ये सही करताना आपल्याला २५,००० डॉलर मिळाले आणि नंतर दरमहा पैसे येत राहिले. मग समोर बसलेत क्रीडा संचालक बॉब हिच, प्रशिक्षक बॉबी कॉलिन्स आणि भरतीचं काम पाहणारे हेन्री ली पार्कर. हॅन्सन एक लिफाफा पुढे करतो. स्टॅन्लीच्या आईवडिलांच्या पत्त्यावर आलेला. पार्कर तो हातात घेऊन पाहतात. आधी हस्ताक्षर आपलं वाटतंय असा सूर लागतो, मग तो सूर मागे घेतला जातो. हस्ताक्षर तपासणाऱ्या तज्ज्ञाचं मत मात्र स्पष्ट होतं.

मी तो तुकडा सात-आठ वेळा मागे नेला. पार्करांच्या चेहऱ्याकडे पाहून झालं, मग लिफाफ्याकडे पाहिलं. खरी गोष्ट आतल्या पैशांत नाही, वरच्या टपालाच्या शिक्क्यात आहे: ऑक्टोबर १९८५. कारण त्याआधी, ऑगस्ट १९८५ मध्येच, एनसीएएने, म्हणजे विद्यापीठांच्या खेळांवर नियंत्रण ठेवणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने, एसएमयूला याच कारणासाठी तीन वर्षांच्या परिवीक्षेवर (देखरेखीखाली) ठेवलं होतं. म्हणजे शिक्षा हातात पडल्यानंतरही पाकिटं जात होती.

११ फेब्रुवारी
प्रकल्पाची मांडणी बदलली. शिक्षा एकच नव्हती, दोन होत्या, आणि विभागाने दोनदा प्रतिसाद दिला. १९८५ चा आणि १९८७ चा. दोन्ही शेजारी ठेवायचे.

१९८५ चा प्रतिसाद असा: नव्या खेळाडूंना पैसे द्यायचे नाहीत, पण ज्यांना शब्द दिलाय त्यांचे चालू ठेवायचे. ते पदवी घेऊन बाहेर पडले की प्रकार आपोआप संपेल. हे ठरवणारे लोक गल्लीतले नव्हते. विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष बिल क्लेमेंट्स होते, टेक्ससचे माजी गव्हर्नर, आणि १९८७ च्या जानेवारीत ते पुन्हा गव्हर्नर झाले. ३ मार्च १९८७ रोजी त्यांनी स्वतःच जाहीर केलं की हा निर्णय मंडळातल्या लोकांना माहीत होता, आपल्यालाही होता.

दिलेला शब्द पाळला, असं त्यांचं म्हणणं. मला यात एक गोष्ट खटकते ती लिहून ठेवते. शब्द तेरा खेळाडूंना दिला होता. नियम पाळू हा शब्द बाकीच्या सगळ्यांच्या वतीने दिला होता. दुसरा मोडून पहिला पाळला, आणि किंमत त्या बाकीच्यांनी मोजली.

मार्गदर्शकांचा शेरा: “मत नंतर. आधी कागद.” बरोबर आहे. पण मत इथे राहू दे, अहवालात नसेल.

२५ फेब्रुवारी
आजच्या तारखेला १९८७ मध्ये निकाल जाहीर झाला. अडतीस वर्षं झाली.

निष्कर्ष: १९८५-८६ या शैक्षणिक वर्षात एका बूस्टरच्या पैशातून १३ खेळाडूंना सुमारे ४७,००० डॉलर. त्यातल्या आठ जणांना सप्टेंबर ते डिसेंबर १९८६ मध्ये आणखी सुमारे १४,०००. म्हणजे एकूण ६१,०००. महिन्याला कुणाला ५०, कुणाला ७२५. आकडे किती छोटे दिसतात! पण जून १९८५ मध्ये विद्यापीठांनीच एक विशेष अधिवेशन घेऊन नियम केला होता की पाच वर्षांत दोनदा मोठा नियमभंग झाला तर खेळच बंद करता येईल. एसएमयू त्यात नेमकं सापडलं.

शिक्षेचा तक्ता केला:
१९८७ चा पूर्ण हंगाम रद्द. १९८८ मध्ये फक्त सात सामने, तेही सगळे परगावी, घरच्या मैदानावर एकही नाही. परिवीक्षा १९९० पर्यंत. १९८९ पर्यंत दूरचित्रवाणी नाही, हंगामाअखेरचे निमंत्रणाचे ‘बोल’ सामने नाहीत. चार वर्षांत ५५ शिष्यवृत्त्या कमी. पूर्णवेळ सहायक प्रशिक्षक नवाऐवजी पाच. ऑगस्ट १९८८ पर्यंत कॅम्पसबाहेर जाऊन भरती करायची नाही.

निकाल वाचून दाखवणारे एनसीएएचे डेव्हिड बर्स्ट पत्रकार परिषदेतच चक्कर येऊन कोसळले. हे मी आधी वाचलं होतं, पण खोटं वाटत होतं. चित्रफितीत दिसतं. शिक्षा सुनावणाऱ्याच्याही अंगातलं बळ गेलं होतं.

१ मार्च
तक्त्यात एक रकाना वाढवला: ‘भोगलं कुणी’. प्रत्येक ओळीसमोर भरत गेले. कॉलिन्स आणि हिच डिसेंबर १९८६ मध्येच राजीनामे देऊन गेलेले, विद्यापीठाचे अध्यक्ष डोनाल्ड शील्ड्स नोव्हेंबरमध्ये. निकाल लागला तेव्हा तिघेही पदावर नव्हते. मेथडिस्ट चर्चच्या बिशपांच्या समितीचा जून १९८७ चा अहवाल सांगतो की हिच, कॉलिन्स आणि पार्कर यांना करार मिटवताना मिळून आठ लाख डॉलरहून अधिक देण्याचं ठरलं होतं. तेरा खेळाडूंना मिळाले त्याच्या कितीतरी पट.

उरलेल्या रकान्यात सगळीकडे एकच उत्तर येत होतं: जे तिथे उरले ते.

८ मार्च
आज प्रकल्पाचं काम केलं नाही. पण ही नोंद प्रकल्पाचीच आहे.

मी हा विषय का घेतला ते मार्गदर्शकांना सांगितलं नव्हतं. मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजातून कबड्डी खेळायचे, डावा कोपरा. शेवटच्या वर्षी आमचा संघ वर्षभरासाठी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून बाद झाला. आदल्या वर्षी जिंकलेला चषक परत करावा लागला. कारण एक मुलगी: तिचा प्रवेश आमच्याकडे कागदावर होता, शिकायला ती दुसरीकडेच होती. चढाई सुंदर करायची. आम्हाला वाटायचं, उशिरा प्रवेश घेतलाय म्हणून तासाला दिसत नाही. पात्रता अर्जावर सही कुणाची, शिक्का कुणाचा, हे आम्हा बाकीच्या अकरा जणींना विचारायचं सुचलंही नाही.

तक्रार झाली, चौकशी झाली, निकाल फलकावर लागला. ज्यांनी तिला आणलं ते सर महिन्याभरात दुसऱ्या संस्थेत गेले. चषक न्यायला शिपाईमामा आले तेव्हा जिमखान्यात मी आणि आमची कॅप्टन दोघीच होतो. कपाटात चषक ठेवलेल्या जागी धुळीत गोल उमटला होता. कॅप्टनने तो ओढणीने पुसून टाकला आणि म्हणाली, “चल, चहा पिऊ.” मी त्या वर्षी एकही सामना खेळले नाही. तेवीस वर्षांची होते, पुढे खेळायचं वय उरलं नाही.

सुक्याबरोबर ओलंही जळतं असं तेव्हा घरी सगळे म्हणाले. मला ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही. लाकूड बोलत नाही. आम्हाला विचारता आलं असतं, आणि आम्हाला कुणी सांगूही शकलं असतं.

१९ मार्च
कामावर परत. आज लॉनी क्लिव्हर. एसएमयूत धर्म-अध्ययनाचे प्राध्यापक, आणि क्रीडा विभागावर लक्ष ठेवणारे प्राध्यापक-प्रतिनिधी. विद्यापीठाच्या बाजूने चौकशीची जबाबदारी यांच्यावर आली. त्यांनी खेळाडूंना नावं गुप्त ठेवण्याची हमी मिळवून दिली, म्हणून खेळाडू बोलले. लपवाछपवी न करता सगळं एनसीएएपुढे ठेवलं. सहकार्याबद्दल एनसीएएने कौतुकही केलं. त्या बळावर विद्यापीठाने स्वतःच एक सौम्य शिक्षा सुचवली होती. समितीने ती फेटाळली.

इथे वर्गात मोठा वाद झाला. खरं सांगूनही पूर्ण शिक्षा होणार असेल तर पुढचं विद्यापीठ कशाला सांगेल? मी बरंच भांडले. सहकार्य १९८६ चं होतं, फसवणूक त्याआधीची, पहिली शिक्षा झाल्यानंतरची. पहिल्या शिक्षेनंतर क्लिव्हरांसारखा माणूस पुढे आला असता तर लिफाफ्यावर तो शिक्का पडलाच नसता. तरीही विचारणाऱ्याचा मुद्दा टाकाऊ नाही. तेरा जणांची नावं आजतागायत अधिकृतपणे जाहीर नाहीत, आणि ती न शोधण्याचं मी ठरवलंय.

२ एप्रिल
मॉकिंगबर्ड स्टेशनला उतरून कॅम्पसवर चालत गेले. संघ १९७९ पासून अर्व्हिंगच्या टेक्सस स्टेडियममध्ये खेळायचा, पासष्ट हजार खुर्च्यांचं व्यावसायिक मैदान. शिक्षेनंतर परत आले ते कॅम्पसवरच्या ओन्बी स्टेडियममध्ये. १९२६ सालचं बांधकाम, त्याच्या निम्म्याहून कमी जागा. ओन्बी आता नाही, त्याच जागेवर २००० साली नवं स्टेडियम झालं. मी कुंपणाच्या जाळीला नाक लावून बराच वेळ उभी राहिले. गवतावर पाणी मारायचं काम चालू होतं.

परत कॅम्पसवर येणं हा काटकसरीचा निर्णय होता आणि शहाणपणाचाही. विद्यार्थी वसतिगृहातून चालत सामन्याला जाऊ शकतो, तेव्हा संघ पुन्हा विद्यापीठाचा वाटायला लागतो. गावच्या मातीच्या मैदानावर जे होतं तेच.

१० एप्रिल
आजचा प्रश्न सगळ्यात अवघड. एनसीएएने १९८८ मध्ये सात सामन्यांची मुभा दिली होती. एप्रिल १९८७ मध्ये एसएमयूने स्वतः होऊन तोही हंगाम रद्द केला. म्हणजे शिक्षा एका वर्षाची, दुसरं वर्ष त्यांनी स्वतः घेतलं.

का? निकालानंतर खेळाडूंना दुसऱ्या विद्यापीठात जाऊन लगेच खेळायची परवानगी मिळाली. देशभरातले प्रशिक्षक कॅम्पसवर येऊन थडकले, बहुतेक खेळाडू गेले. जे उरले त्यांना घेऊन फक्त परगावी, तेही तगड्या संघांविरुद्ध खेळायचं म्हणजे मुलांची हाडं मोडून घ्यायची. विभागाने ‘नाही’ म्हटलं.

हा निर्णय मी आधी भित्रेपणाचा समजत होते. आता मत बदललंय. १९८५ साली यांनी थांबायला नकार दिला होता. १९८७ साली पहिल्यांदा थांबले. पण रकान्यात मात्र तेच येतं: १९८७ साली तिसऱ्या वर्षाला असलेला, एक छदामही न घेतलेला, बदली नको म्हणून इथेच राहिलेला मुलगा. त्याची दोन्ही वर्षं गेली. त्याच्यासाठी विभागाने काय केलं याचा कागद शोधतेय. शिष्यवृत्ती चालू राहिली, पदवी मिळाली. मैदान नाही मिळालं.

१५ एप्रिल
नवी माणसं कोण आली त्याची नोंद: अध्यक्ष ए. केनेथ पाय, ड्यूक विद्यापीठातून आलेले कायद्याचे प्राध्यापक. क्रीडा संचालक डग सिंगल, नॉर्थवेस्टर्नहून. दोघेही बाहेरचे. नियामक मंडळ विश्वस्तांनी बरखास्तच केलं. खेळाडूंच्या प्रवेशाचे निकष कडक झाले. माणसं बदलणं सोपं. ज्या खोलीत निर्णय होतो ती खोलीच बंद करणं, हे इथे झालं.

२४ एप्रिल
फॉरेस्ट ग्रेग. याच विद्यापीठाचा जुना खेळाडू, ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाचा दिग्गज, हॉल ऑफ फेममधला. जानेवारी १९८८ मध्ये पॅकर्सचं मुख्य प्रशिक्षकपद सोडून इथे आला, जिथे संघच नव्हता! १९८८ चा पूर्ण पावसाळा-हिवाळा नुसता सराव. सामना एकही नाही. मुलं इतकी किरकोळ की प्रशिक्षक स्वतः बहुतेकांपेक्षा उंच आणि वजनदार. चेंडू झेलणाऱ्या सडपातळ पोरांना खाऊपिऊ घालून, वजन वाढवून, त्याने आघाडीच्या फळीत उभं केलं.

१९८९ चा हंगाम. पहिला सामना राईसविरुद्ध, ६-३५ पराभव. दुसरा १६ सप्टेंबरला कनेक्टिकटविरुद्ध, ओन्बीत. बरेच मागे पडलेले, आणि अगदी शेवटच्या खेळीत माईक रोमोने फेकलेला चेंडू मायकेल बोवेनने झेलला. ३१-३०. याला ‘मिरॅकल ऑन मॉकिंगबर्ड’ म्हणतात. मी रोज उतरते त्या स्टेशनाच्या नावाचा रस्ता.

मग २१ ऑक्टोबर, ह्यूस्टनविरुद्ध २१-९५. पंचाण्णव! आणि ह्यूस्टन स्वतःही तेव्हा शिक्षा भोगत होतं, सामने दूरचित्रवाणीवर दाखवायची बंदी होती. पुढे नोत्र दामकडून ६-५९. हंगामाचा हिशेब: दोन विजय, नऊ पराभव. विजयी हंगाम यायला १९९७ उजाडलं, ‘बोल’ सामना खेळायला २००९.

अहवालात ९५ चा आकडा सगळे देतात, मीही देईन. पण ज्या पोरांनी तो खाल्ला त्यांनी एक पैसा घेतला नव्हता. १९८५ मध्ये त्यातली बहुतेक शाळेत होती. तरी पुढच्या शनिवारी ती परत उभी राहिली. विभागाचा खरा प्रतिसाद मला इथे दिसतो, समित्यांच्या ठरावांत नाही. हे वाक्य अहवालात ठेवणारच.

६ मे
सादरीकरण झालं. वीस मिनिटं, प्रश्न चाळीस मिनिटं. ‘भोगलं कुणी’ या रकान्यावर सगळ्यात जास्त चर्चा. मार्गदर्शकांनी विचारलं, हा रकाना सुचला कुठून? मग जिमखान्याचं कपाट सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, प्रस्तावनेत घाल.

घातलं.

७ जून
काल न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडू आणि एनसीएए यांच्यातल्या खटल्याचा मोठा समझोता मंजूर केला. १ जुलैपासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतील, पहिल्या वर्षी कमाल सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. एसएमयूच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटाने तर २०२२ मध्येच फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या खेळाडूंना वर्षाला ३६,००० डॉलर देऊ असं जाहीर केलं होतं, उघडपणे, नियमात बसवून. तेरा जणांना मिळून मिळालेले ६१,००० म्हणजे अशा दोघांच्या एकत्रित वार्षिक मानधनापेक्षाही कमी.

वर्गातले मित्र म्हणाले, तुझा प्रकल्प जुना झाला. मला तसं वाटत नाही. नियम चुकीचा होता हे मान्य. खेळाडूला त्याच्या घामाचे पैसे मिळायला हवेत. पण एसएमयूच्या कारभाऱ्यांनी नियम बदला म्हणून कुणाशी भांडण केलं नव्हतं. सही एका कागदावर केली आणि पाकीट दुसरंच पाठवलं. पैसे उघड देता येत असले तरी अर्जावरची सही खरी आहे का, हा प्रश्न उरतोच.

८ जून
काल रात्री कॅप्टनचा फोन. ती आता गावाकडे शाळेत शिकवते, संध्याकाळी मुलींना कबड्डी शिकवते. प्रकल्पाबद्दल तासभर विचारत होती. मी म्हटलं, “ताई, तुझ्या ओढणीचा उल्लेख आहे त्यात.” ती हसली नाही. म्हणाली, “माझ्याकडे परवा एक मुलगी आली. दिसायला पंधराची, दाखल्यावर तेराची. खेळते झकास. पालक म्हणाले, बाई, एवढं काय बघताय. मी सगळ्या मुलींना बोलावून त्यांच्यासमोरच सांगितलं, हिला या गटात का घेता येत नाही ते. ती वरच्या गटात खेळेल.”

मग म्हणाली, “तो तक्ता मराठीत करून पाठव. फळ्याशेजारी लावते.”

आज सकाळी बसून केला. चार रकाने: काय झालं, कुणी ठरवलं, सही कुणाची, भोगलं कुणी. एसएमयूची एक ओळ, आमच्या कॉलेजची एक. खाली पाच ओळी मोकळ्या ठेवून तिला व्हॉट्सॲपवर पाठवला.